वळिवडे ते गांधीनगर : निर्वासित मुलांच्या माध्यमिक शिक्षणाचा इतिहास

कोल्हापूर शहराच्या पूर्वेला सात-आठ किलोमीटरवर, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत वळिवडे हे गाव आहे. या गावच्या माळावर पाच-सहा वर्षांच्या अवधीत दोन निर्वासित समाज येऊन राहिले. १९४३ ते १९४८ या काळात पोलंडमधून परागंदा झालेले सुमारे पाच हजार लोक इथल्या छावणीत होते. ते गेल्यावर, फाळणीमुळे सिंध सोडावे लागलेल्या कुटुंबांना त्याच बराकींत आसरा मिळाला. त्या वस्तीचे आजचे नाव गांधीनगर.

दोन्ही समाजांनी डोक्यावर छप्पर येताच मुलांच्या शाळेचा विचार केला. मात्र त्यांच्या माध्यमिक शिक्षणाच्या वाटा अगदी वेगळ्या होत्या. पोलिश शाळा मायदेशी परतण्याच्या तयारीसाठी चालत होती, तर सिंधी शाळेला मुलांना याच मुलखात उभे करायचे होते. लहान मुलाला कुठल्याही गावच्या शाळेत बसवता येते; ते खेळता खेळता भाषा उचलते. बारा ते अठरा या वयात तसे होत नाही. बीजगणित, इतिहास, विज्ञान समजेल इतकी भाषा आधी यावी लागते, शेवटी जे प्रमाणपत्र हाती पडेल ते कुणीतरी मान्य करावे लागते आणि घरची ओढगस्त मुलाला रोज कामाकडे खेचत असते. निर्वासितांच्या शिक्षणाची खरी कसोटी म्हणूनच माध्यमिक शाळेत लागते.

पोलंड ते पंचगंगा

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आत शिरल्या. पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना १९४० आणि १९४१ मध्ये टप्प्याटप्प्याने मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, उत्तर रशिया आणि कझाकस्तानात नेण्यात आले. लाकूडतोडीच्या आणि शेतीच्या वसाहतींत मोठ्यांबरोबर कळती मुलेही राबली. थंडी, उपासमार आणि टायफसने अनेक कुटुंबे अर्धी झाली.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच आक्रमण केल्यावर चित्र पालटले. ३० जुलै १९४१ च्या करारानुसार या बंदिवानांची सुटका झाली आणि जनरल आंदर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. १९४२ मध्ये हे सैन्य आणि त्याच्यामागून हजारो स्त्रिया व मुले कास्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये पोहोचली. लढण्याजोगे पुरुष सैन्यात गेले आणि पुढे इटलीतील मोंते कासिनोच्या लढाईत उतरले. मागे उरलेल्या बायकामुलांसाठी आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान अशा दूरदूरच्या ठिकाणी छावण्यांची सोय झाली.

हिंदुस्थानात पहिल्यांदा आली ती अनाथ आणि एकटी पडलेली मुले. अश्काबादहून ट्रकने इराणमार्गे क्वेट्टा आणि तिथून मुंबई असा प्रवास करून १९४२ मध्ये ती वांद्र्याला काही काळ राहिली. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी येथे त्यांच्यासाठी वसतिस्थान उभारले. मुंबईतील पोलिश वाणिज्य दूतावासाच्या प्रमुखांच्या पत्नी आणि पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी कीरा बनासिन्स्का यांनी या साऱ्या कामात पुढाकार घेतला. प्रकृतीने खचलेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवण्यात आले. काही मुली तिथल्या कॉन्व्हेंट शाळेत इंग्रजीतून शिकल्या.

कुटुंबांसाठी मोठी छावणी हवी होती. त्यासाठी कोल्हापूर संस्थानातील वळिवड्याची जागा ठरली. हवा सौम्य होती, पंचगंगेचे पाणी जवळ होते आणि रेल्वे दारात होती. छत्रपती राजाराम महाराजांच्या निधनानंतर गादीवर बालराजे होते आणि संस्थानचा कारभार रीजन्सीकडे होता. कोल्हापूरला परगावच्या विद्यार्थ्यांना आसरा देण्याची सवय आधीपासून होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे सुरू करून शिक्षणासाठी आलेल्या मुलांचे शहर अशी कोल्हापूरची ओळख घडवली होती.

छावणीतील शाळा

१९४३ च्या मध्यावर पहिल्या गाड्या वळिवड्याला आल्या. कौलारू छपराच्या आणि तट्ट्यांच्या भिंतींच्या लांबच लांब बराकी, प्रत्येक कुटुंबाला छोट्या खोल्या आणि पुढे पडवी, अशी वस्तीची रचना होती. चर्च, इस्पितळ, नाट्यगृह, दुकाने आणि शाळा उभ्या राहिल्या. आतला कारभार पोलिश लोक स्वतः पाहत. शिक्षण पोलिश भाषेत आणि पोलिश अभ्यासक्रमानुसार होते.

हा अभ्यासक्रम १९३२ च्या शिक्षण सुधारणेनंतर पोलंडमध्ये रूढ झालेला होता. प्राथमिक शाळेनंतर चार वर्षांची ‘गिम्नाझियुम’ आणि त्यानंतर दोन वर्षांची ‘लिसेउम’ अशी माध्यमिक शिक्षणाची मांडणी होती. लिसेउमच्या अखेरीस ‘मातुरा’ ही परीक्षा असे आणि विद्यापीठाचे दार त्या परीक्षेनेच उघडत असे. वळिवड्यात बालवाडीपासून लिसेउमपर्यंत सगळे टप्पे सुरू झाले, शिवाय हातचे काम शिकवणारे वर्गही होते. मालगाडीतून नेलेल्या लोकांनी परक्या मुलखातील माळावर आपल्या देशाची शाळा जशीच्या तशी मांडावी, यातून त्यांची शिक्षणावरील निष्ठा दिसते.

अडचणी मात्र जागोजाग होत्या. पहिली अडचण बुडालेल्या वर्षांची. १९४० मध्ये दहा वर्षांचे असलेले मूल वळिवड्याला पोहोचेपर्यंत तेरा वर्षांचे झाले होते आणि मधली तीन वर्षे त्याने काम, आजारपण आणि प्रवासात काढली होती. काहींनी सोव्हिएत वसाहतींत रशियन शाळा पाहिली होती, काहींनी कुठलीच नाही. वयाने मोठी आणि इयत्तेने मागे अशी मुलेमुली एका बाकावर लहानांबरोबर बसत. मागची इयत्ता लवकर भरून काढण्याची घाई शिक्षकांनाही होती आणि मुलांनाही.

दुसरी अडचण शिक्षकांची. पोलंडचा बुद्धिजीवी वर्ग दोन्ही आक्रमकांनी मुद्दाम लक्ष्य केला होता. अनेक शिक्षक मारले गेले होते आणि जे वाचले त्यांतले कित्येक सैन्यात होते. छावणीत शिकवण्याचा भार मुख्यतः स्त्रियांवर पडला. त्या स्वतः त्याच हालअपेष्टांतून आल्या होत्या. वर्गातल्या मुलाचा बाप कुठे गेला, आई कशी वारली, हे त्यांना विचारावे लागत नव्हते.

तिसरी अडचण पुस्तकांची. युद्धकाळात पोलिश पाठ्यपुस्तके जेरुसलेममध्ये छापली जात आणि तिथून मध्यपूर्व, आफ्रिका व हिंदुस्थानातील शाळांना पुरवली जात. ती पुस्तके येईपर्यंत आणि त्यानंतरही, शिक्षिकेने सांगायचे आणि मुलांनी वहीत उतरवून घ्यायचे, हीच मुख्य रीत राहिली.

चौथी अडचण वयात येणाऱ्या मुलांची. थोरली मुले मध्यपूर्वेतील पोलिश छात्रसैनिकांच्या शाळांत किंवा थेट सैन्यात जात. त्यामुळे वरच्या इयत्तांत मुलींची संख्या ठळकपणे जास्त राहिली. युद्धाने मुलांकडून जी वर्षे हिरावली, ती अभ्यासाला मिळण्याची संधी काही प्रमाणात तरी मुलींच्या वाट्याला आली.

वर्गाबाहेरचे शिक्षण

आईबाप गमावलेल्या, उपासमार पाहिलेल्या किशोरवयीन मुलांना केवळ धडे पुरत नाहीत. वळिवड्यात ही उणीव स्काउट आणि गाइड पथकांनी भरून काढली. पोलिश सैन्यातून पाठवलेले झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हे या कामातील प्रमुख नाव. सोव्हिएत कैदेतील हजारो पोलिश अधिकाऱ्यांची १९४० मध्ये कातिन प्रकरणात हत्या झाली. त्यातून वाचलेल्या मोजक्या लोकांत पेश्कोव्स्की होते. पुढे ते कॅथलिक धर्मगुरू झाले. पथकातील शिस्त, शिबिरे, शेकोटीभोवतीची गाणी आणि धाकट्यांची जबाबदारी थोरल्यांवर सोपवण्याची पद्धत यांतून मुलांना पुन्हा एकदा आपला गट आणि आपले स्थान मिळाले. नाटके, समूहगायन, लोकनृत्ये आणि सणवार यांचाही शाळेच्या कामात मोठा वाटा होता.

भोवतालच्या मुलखाशी ओळख करून देण्याचे काम वांदा दिनोव्स्का यांनी केले. त्या थिऑसॉफिस्ट होत्या, १९३५ मध्ये हिंदुस्थानात आल्या होत्या आणि ‘उमादेवी’ या नावाने ओळखल्या जात. औंध संस्थानात ग्रामस्वराज्याच्या प्रयोगात सहभागी असलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने त्यांनी १९४४ मध्ये पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली आणि भारतीय साहित्य व विचार पोलिश भाषेत आणले. ज्या देशाने आसरा दिला त्याची माहिती मुलांना असावी, हा त्यांचा आग्रह होता.

तरीही छावणी आणि कोल्हापूर यांचा रोजचा संबंध बहुतेक बाजारहाटापुरता राहिला. भाजीवाले, दूधवाले, शिंपी, टांगेवाले यांच्याशी बोलताना मुले कामापुरते शब्द शिकली. शाळेत मात्र मराठी मूल त्यांच्या शेजारी बसले नाही, कारण ती शाळाच परतीच्या प्रवासासाठी होती. परत जायचे ठरलेल्या समाजाने मुलांची भाषा आणि इतिहास जपावा, हे स्वाभाविक होते. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

प्रमाणपत्रामागचे सरकार

छावणीतील सगळी व्यवस्था लंडनमधील परागंदा पोलिश सरकारच्या नावाने चालत होती. याल्टा परिषदेत पोलंडच्या सरहद्दी बदलण्याचे ठरले आणि पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला. वळिवड्यातील बहुसंख्य कुटुंबांची गावे याच भागातली. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या देशात परतण्यासाठी मुले शिकत होती, तिथे आपले म्हणावे असे घर उरले नाही आणि ज्या सरकारच्या नावाने परीक्षा होत होत्या, ते जगाच्या दृष्टीने सरकार राहिले नाही.

छावणीची जबाबदारी संयुक्त राष्ट्रांच्या मदत व पुनर्वसन संघटनेकडे आणि नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद होऊन तिथली मुले वळिवड्याला आली. आता कुठे जायचे हा प्रश्न प्रत्येक घरात होता. थोडे लोक पोलंडला परतले. अनेक कुटुंबे सैन्यातील नवरा, बाप किंवा भाऊ ब्रिटनमध्ये असल्याने तिकडे गेली. इतर आफ्रिकेतील पोलिश वसाहतींत, ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत पांगली. अगदी थोड्या मुलींनी कोल्हापुरात लग्न करून तिथेच संसार थाटला. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

ब्रिटनमध्ये या मुलांच्या माध्यमिक शिक्षणाचा दुसरा अंक सुरू झाला. १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्याखाली ब्रिटिश सरकारने पोलिश लोकांच्या शिक्षणासाठी एक समिती नेमली. सैन्याच्या रिकाम्या तळांवर स्टोवेल पार्क आणि लिलफर्ड यांसारख्या निवासी पोलिश शाळा चालवण्यात आल्या. सुरुवातीला पोलिश माध्यमाचा मोठा आधार होता. हळूहळू विषय इंग्रजीतून शिकवले जाऊ लागले आणि विद्यार्थी ब्रिटिश शालान्त परीक्षांना बसू लागले. १९५४ मध्ये समितीचे काम संपवून उरलेली जबाबदारी सर्वसाधारण शिक्षणव्यवस्थेकडे देण्यात आली. वळिवड्याच्या शाळेत जे घडले नव्हते, ते इथे घडले: एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाण्यासाठी काही वर्षांचा अवधी, त्यासाठी तयार केलेली शाळा आणि शेवटी त्या देशात चालणारे प्रमाणपत्र.

त्याच माळावर सिंधी मुले

पोलिश लोक निघत होते त्याच सुमारास सिंधमधून येणाऱ्यांचा ओघ वाढला होता. ६ जानेवारी १९४८ च्या कराचीतील दंगलीनंतर तर सिंधमध्ये मागे राहिलेली हिंदू कुटुंबेही निघाली. मुंबई प्रांतात महायुद्धातले लष्करी तळ निर्वासितांना देण्यात आले. कल्याणजवळच्या तळावर सुमारे एक लाख लोक राहिले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे उल्हासनगरची पायाभरणी झाली. पिंपरी, चेंबूर, मुलुंड येथेही वसाहती झाल्या. वळिवड्याच्या बराकींत आलेल्या कुटुंबांनी व्यापाराची घडी बसवली आणि गांधीनगर कापडाची मोठी घाऊक पेठ म्हणून नावारूपाला आले.

या मुलांच्या बाजूने एक गोष्ट होती. सिंध १ एप्रिल १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता आणि वेगळा प्रांत झाल्यानंतरही १९४७ पर्यंत तिथली महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती. कराची किंवा सिंधमधील हैदराबादचा मॅट्रिक झालेला मुलगा मुंबईत आला तेव्हा त्याचे प्रमाणपत्र परके नव्हते. शिक्षकांची पात्रताही परकी नव्हती. त्यामुळे सिंधी शिक्षक आणि संस्थाचालक विलक्षण वेगाने उभे राहिले. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजच्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज सुरू केले. हैदराबादचे नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्यात पुन्हा उभे राहिले. साधू वासवानी यांनी १९३३ मध्ये हैदराबादेत सुरू केलेली मीरा शिक्षण चळवळ पुण्यात आली आणि सेंट मीराज शाळा तिथे रुजली. महाविद्यालये चालवणाऱ्या याच मंडळींच्या हिमतीवर वसाहतींतल्या हायस्कुलांनाही बळ मिळाले.

भाषेचा प्रश्न मात्र अवघड होता. सिंधी मुले अरबी वळणाच्या लिपीत शिकली होती. भोवतालचे सारे फलक, बाजार आणि कचेऱ्या देवनागरीत होत्या. सिंधी देवनागरीत लिहावी की जुन्या लिपीत, यावर १९५० च्या सुमारास समाजातच तीव्र वाद झाला. शेवटी दोन्ही लिप्यांना वाव राहिला. शासनाने सिंधी माध्यमाच्या शाळांना मान्यता दिली, १९४९ पासून मुंबई राज्यात सुरू झालेली एस. एस. सी. परीक्षा सिंधी माध्यमातूनही देण्याची मुभा राहिली आणि १९६७ मध्ये स्थापन झालेल्या ‘बालभारती’ने पुढे सिंधीतही पाठ्यपुस्तके काढली. त्याच वर्षी सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. केंद्रीय पुनर्वसन खात्याने विस्थापित विद्यार्थ्यांना फीसवलत, शिष्यवृत्त्या आणि कर्जे दिली. दुकानात किंवा फेरीवर घरच्यांना हातभार लावणाऱ्या मुलांना शाळेत टिकवून धरण्यात या मदतीचा वाटा होता.

आपल्या भाषेची शाळा आणि राज्याची परीक्षा या जोडीने सिंधी तरुण एका पिढीत महाराष्ट्राच्या व्यापारात, वकिलीत, वैद्यकीत आणि शिक्षणात स्थिरावले. नंतरच्या पिढ्यांनी इंग्रजी माध्यम पसंत केल्याने सिंधी शाळांचे वर्ग ओस पडत गेले, ही या यशाची दुसरी बाजू आहे.

तिबेटी शाळांचा मध्यममार्ग

१९५९ मध्ये दलाई लामांबरोबर आणि नंतर सुमारे ऐंशी हजार तिबेटी भारतात आले. भाषा जपायची आणि इथल्या परीक्षाही द्यायच्या, हा मार्ग त्यांनी पहिल्यापासून धरला. मार्च १९६० मध्ये मसुरीला पहिली शाळा सुरू झाली. १९६१ मध्ये भारत सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने तिबेटी शाळांसाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. धर्मशाळेत अनाथ मुलांच्या संगोपनासाठी सुरू झालेल्या संस्थेतून ‘तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज’ आकाराला आले. या शाळांत मोठ्या इयत्तांचे विषय इंग्रजीतून आणि परीक्षा केंद्रीय मंडळाच्या. तिबेटी भाषा, इतिहास आणि धर्म यांचे शिक्षण मात्र कधी थांबले नाही. वळिवड्याच्या मुलांना भारत समजावून सांगणाऱ्या वांदा दिनोव्स्का यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात धर्मशाळेतील तिबेटी निर्वासितांसाठी काम केले. महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावजवळ १९७२ मध्ये नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत झाली.

इतिहासाचा निष्कर्ष

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मारक आहे. २०१७ मध्ये वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या नावाने स्मारक झाले आणि तिथल्या एका शाळेने जामसाहेबांचे नाव धारण केले आहे. पोरवयात मिळालेली शाळा माणसे आयुष्यभर विसरत नाहीत, हे यातून दिसते.

१९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय कराराने प्राथमिक शिक्षणात निर्वासित मुलांना देशातल्या मुलांइतकाच हक्क दिला. माध्यमिक आणि पुढील शिक्षणासाठी मात्र फक्त शक्य तितक्या सवलतीची आणि परदेशी प्रमाणपत्रे मान्य करण्याची अपेक्षा ठेवली. भारताने या करारावर सही केलेली नाही. भारताचा २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षे वयापुरता आहे, म्हणजे नववी-दहावीच्या उंबरठ्यावर त्याचा आधार संपतो. आज जगभरात प्राथमिक वयाच्या निर्वासित मुलांपैकी सुमारे दोन तृतीयांश शाळेत आहेत, पण माध्यमिक वयाच्या मुलांपैकी सुमारे चाळीस टक्केच.

वळिवडे, गांधीनगर आणि धर्मशाळा यांचा इतिहास पाहता ही गळती अटळ नाही. मातृभाषेचा आधार काही वर्षे टिकवावा, यजमान देशाची भाषा आणि परीक्षा लवकर खुली करावी, बुडालेली वर्षे भरून काढणारे वर्ग ठेवावेत, जुनी प्रमाणपत्रे मानावीत, निर्वासितांतल्याच शिक्षकांना वर्गावर उभे करावे आणि घरची गरज मुलाला शाळेबाहेर ओढणार नाही इतकी मदत द्यावी. हे सारे साधनांची टंचाई असलेल्या काळात, या देशात, कमीअधिक प्रमाणात करून दाखवले गेले आहे. आसरा मागणाऱ्या मुलाला अन्न आणि छप्पर देणे ही माणुसकीची सुरुवात आहे. त्याला दहावीच्या पलीकडे नेणे हे यजमान समाजाचे कर्तव्य आहे.